कोण म्हणे?

मराठीतला तुझा सगळ्यात आवडता शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी एका सेकंदात सांगेन, 'म्हणे'!

तशी मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड, आणि घरी आजीसमोर इंग्रजी बोललं की तिची ती नजर! त्यामुळे माझं मराठी पुस्तकातून कमी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून जास्त आलेलं. आजी भाजी निवडता निवडता सांगायची, "खालच्या मजल्यावरचे जागा विकतायत म्हणे." त्या एका 'म्हणे'मध्ये केवढं काय काय भरलेलं असायचं! मी स्वतः पाहिलेलं नाही, कोणाकडून तरी ऐकलंय, खरं-खोटं देव जाणे, आणि उद्या खोटं निघालं तर माझ्याकडे बोट दाखवू नका. दोन अक्षरांत अख्खा डिस्क्लेमर!

बिझनेस रिपोर्टच्या इंग्रजीत ही सोय नाही. तिथलं प्रत्येक वाक्य कसं कडक इस्त्रीच्या शर्टासारखं असतं. मोजलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं आणि नुसतंच कोणाला तरी वाटलेलं, सगळं एकाच सुरात सांगितलेलं. हे माझ्या लक्षात आलं ते मामामुळे.

माझं आजोळ तासगावजवळ. मामाची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि तो बेदाणा करतो. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. ही माहिती मी शेडवर उभं राहून मिळवलेली आहे, म्हणून इथे 'म्हणे' नाही!) उन्हाळा लागताना माल तयार होतो आणि विकला जाईपर्यंत तो कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवावा लागतो. बाहेर उष्णतेत राहिला की रंग काळपट पडतो, आणि रंग गेला की भाव गेला. दरवर्षी स्टोअरेजचं भाडं भरून कंटाळलेल्या मामाने आणि त्याच्या दोन मित्रांनी ठरवलं, आपलंच कोल्ड स्टोअरेज बांधायचं. कर्ज बँकेचं, तारण बाग.

एका सल्लागाराने प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिला. साठ पानं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत पाय-चार्ट आणि सगळं इंग्रजीत. दिवाळीच्या सुट्टीत मामाने तो माझ्यासमोर ठेवला. "तू कॉन्व्हेंटची, त्यात इंजिनेर. मला जरा नीट मराठीत सांग बरं, आत काय लिवलंय."

मी सांगायला लागले, आणि गंमत अशी, की मराठीत आणताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपोआप 'म्हणे' यायला लागलं. "भारतात चाळीस टक्के फळं-भाज्या सडून जातात म्हणे." "देशाला सहा कोटी टन कोल्ड स्टोअरेज लागतं म्हणे, आणि आहे त्याच्या निम्म्याहून कमी." "हा बाजार दरवर्षी दोन आकडी टक्क्यांनी वाढणार म्हणे." मामा तंबाखू मळत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "कोण म्हणे?"

मी पानाच्या खाली बघितलं. तिथे काहीच नव्हतं. पुढची सगळी सुट्टी, आणि नंतरचं अख्खं सेमिस्टर, मी या दोन शब्दांच्या मागे घालवलं.

पहिला गिऱ्हाईक 'चाळीस टक्के'. हा आकडा तुम्हीही ऐकला असेल. भाषणांत असतो, बातम्यांत असतो, पॉवरपॉइंटच्या पहिल्या स्लाइडवर तर हमखास असतो. मी तो धरून मागे मागे जायला लागले. एका लेखात दुसऱ्या रिपोर्टचा हवाला, त्या रिपोर्टमध्ये एका भाषणाचा, आणि मग 'तज्ज्ञांच्या मते' नावाची बोळाची शेवटची भिंत! माझ्या शोधात मोजणारा माणूस काही सापडला नाही. सापडली ती लुधियानाची 'सिफेट' ही संस्था. पीक काढल्यानंतर काय होतं यावर संशोधन करणारी ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पीक कापणीपासून साठवणीपर्यंत कुठे किती गळतं, हे पीकवार मोजलेलं. फळांचं नुकसान ६.७ ते १५.८८ टक्के, भाज्यांचं ४.५८ ते १२.४४ टक्के. फळांमध्ये सगळ्यात जास्त पेरूचं. चाळीस कुठे आणि पंधरा कुठे! नुकसान काही कमी नाही, पण 'निम्मा माल सडतोय, बांधा कोल्ड स्टोअरेज' म्हणण्याएवढंही नाही.

दुसरा गिऱ्हाईक 'सहा कोटी टन'. याचा मात्र जन्मदाखला मिळाला. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या २०१० च्या अभ्यासात गरज ६ कोटी ११ लाख टनांची सांगितली होती. पण २०१५ मध्ये नाबार्डच्या सल्लागार कंपनीने राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्रासाठी पुन्हा अभ्यास केला. त्यात गरज निघाली सुमारे ३ कोटी ५१ लाख टन आणि उभी असलेली क्षमता सुमारे ३ कोटी १८ लाख टन. म्हणजे तूट जेमतेम दहा टक्के! पाच वर्षांत देशाची भूक निम्मी झाली का? नाही. हिशेब मांडायची पद्धत बदलली. पहिल्या अभ्यासाने ऐन हंगामात किती माल येतो ते धरलं. दुसऱ्याने शहरांतून किती खाल्लं जातं, आणि तिथपर्यंत माल पोचवायला वाटेत काय काय लागतं ते धरलं. त्यामुळे दुसऱ्या अभ्यासात खरी खिंडारं भलतीकडेच दिसली. शेताजवळ माल निवडून, थंड करून, भरून पाठवणारी पॅक-हाउसेस हवीत सुमारे ७० हजार आणि होती फक्त २४९!

मामाच्या रिपोर्टमध्ये मात्र २०१० चा आकडाच होता, तोही साल न घालता. आता साल नसलेला आकडा म्हणजे तारीख नसलेलं दूध. वास घेऊन बघायचं आणि ठरवायचं. आणि 'लेटेस्ट' म्हणजे कालचंच असतं असंही नाही. २०२१ ला व्हायची जनगणना झालीच नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं आपल्या सगळ्या प्रोजेक्टांमध्ये तालुक्याची खरी मोजलेली लोकसंख्या म्हणजे २०११ ची, आणि बाकी सगळे अंदाज. अंदाज वापरावा, पण त्याला अंदाज म्हणून तरी ओळख द्यावी!

तिसरा गिऱ्हाईक 'दरवर्षी इतके टक्के वाढ'. याचं पूर्ण नाव सी.ए.जी.आर. हा प्राणी मार्केट रिसर्च रिपोर्टमध्ये राहतो. त्याचं तोंड इंटरनेटवर फुकट दिसतं, बाकी शरीर बघायला हजारो डॉलर मोजावे लागतात. आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला चक्रवाढ कळते. दहा टक्के म्हणजे सात वर्षांत जवळपास दुप्पट. पण दुप्पट काय होणार? 'कोल्ड चेन मार्केट' या टोपलीत आईस्क्रीम असतं, लशी असतात, निर्यातीची कोळंबी असते, त्यांची ने-आण करणारे ट्रकही असतात. समजा ते सगळं वाढलं. पण लोकांनी आईस्क्रीम जास्त खाल्लं म्हणून तासगावात बेदाण्याच्या पेट्या कशा वाढतील? आजीची म्हण आठवली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

एवढं झाल्यावर मी माझ्यापुरती एक बाराखडी केली. तिच्यात एकच अक्षर, 'क'. कोणी मोजलं? कधी मोजलं? कसं मोजलं? आणि कशासाठी मोजलं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा छापलेली असतात, जरा बारीक अक्षरं वाचायची तयारी हवी. चौथ्याचं उत्तर मात्र आपलं आपण काढावं लागतं. शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपनीचा प्रॉस्पेक्टस बघा. त्यात त्या उद्योगाचं भविष्य किती उज्ज्वल आहे यावर एक लांबलचक प्रकरण असतं. अनेकदा तिथेच कुठेतरी लिहिलेलं असतं, की हा अभ्यास कंपनीने पैसे देऊन करून घेतला आहे. म्हणून ते सगळं खोटं ठरत नाही. पण लग्नाच्या बायोडाटात मुलाचे दोष शोधायचे नसतात, एवढं तर आपल्याला कळतं ना? त्याच प्रॉस्पेक्टसमध्ये 'जोखीम' नावाचं प्रकरण असतं. ते कायद्याच्या धाकाने लिहिलेलं असतं, म्हणून मी आधी तेच वाचते.

आता तुम्ही म्हणाल, मग सरकारकडे दाखल केलेली, ऑडिट झालेली कागदपत्रं घ्यावीत, प्रश्न मिटला. मलाही ती आवडतात. कंपनी कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की नोंदणी झालेल्या कंपनीने दाखल केलेला ताळेबंद बघता येतो. पॉकेटमनीत बसणारं संशोधन! पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे आपल्याकडचे कितीतरी धंदे कंपनी नसतातच. कोणी एकट्याच्या नावावर, कोणी भागीदारीत. ते त्या संकेतस्थळावर दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणजे 'स्पर्धा नाही' असं नव्हे!

आणि दुसरी गोष्ट म्हणजे सत्यम. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. तेव्हा मी बालवाडीत होते, पण आमच्या सोसायटीतले सॉफ्टवेअरवाले काका अजून ती सकाळ तोंडपाठ सांगतात. नावाजलेली ऑडिट कंपनी होती, आदल्याच वर्षी उत्तम कारभाराचा पुरस्कारही मिळाला होता. पुढच्या चौकशीत एक मुद्दा आला, तो मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. बँकेत किती पैसे आहेत याची खात्री ऑडिटरने थेट बँकेकडून करून घ्यायची असते, पण ते काम कंपनीच्याच हातात राहिलं. म्हणजे ज्याचं बोलणं तपासायचं, त्याच्याकडूनच साक्षीदार मागवला! मशीन विकणारा जेव्हा आपल्याला म्हणतो, 'हे घ्या आमच्या पाच समाधानी ग्राहकांचे नंबर', तेव्हा तो हेच करत असतो. आपण सहावा शोधायचा.

हा सहावा माणूस शोधायला मी पुन्हा आजोळी गेले. पुण्यात बसून संकेतस्थळं कितीही चाळली तरी देशाच्या आकड्यातून तासगाव काही बाहेर येईना. पणन मंडळाच्या यादीत रोजची आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर सगळं मिळतं. फार उपयोगी यादी आहे. पण बाजार समितीत जे आलं तेच तिथे दिसणार. जो माल शेडवरूनच परस्पर व्यापाऱ्याकडे गेला, तो त्या रकान्यांत कसा येईल? आणि कोल्ड स्टोअरेज किती महिने भरलेलं असतं, हा मामाच्या कर्जाचा जीव असलेला आकडा तर तिथे असायचं कारणच नाही. मामाच्या रिपोर्टने मात्र तो ठोकून दिला होता. बारा महिने, शंभर टक्के!

मग मी विचारत फिरले. सुरुवातीला "आपण शीतगृहाचा लाभ घेता का?" असं माझं शुद्ध मराठी ऐकून एका आजोबांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, इलेक्शनचं हाय का?" पण खरी गंमत उत्तरांची. स्टोअरेज चालवणारा म्हणाला, "धंद्यात काय राम नाही." (नवा स्पर्धक कोणाला हवाय?) मशिनरीवाला म्हणाला, "दोन वर्षांत पैसे वसूल." (त्याचे तर पहिल्याच दिवशी होणार!) आणि शेतकरी म्हणाले, "बांधा की, आम्ही ठेवू माल." ठेवू म्हणायला पैसे थोडेच पडतात? तिघंही चांगली माणसं, तिघांनीही मला चहा पाजला. पण तिघांचंही 'कशासाठी' वेगळं.

तेव्हा मामीने मार्ग काढला. कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे उपडी केली. आत तीन वर्षांच्या कोल्ड स्टोअरेजच्या पावत्या! माल आत गेल्याची तारीख, बाहेर आल्याची तारीख, पेट्या किती, भाडं किती. मला एकदम लॉटरी लागल्यासारखं झालं. कारण ती पावती कोणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. तिला बँकेला खूश करायचं नव्हतं, स्पर्धकाला घाबरवायचं नव्हतं. असा कागद मिळाला तर सोडू नका. वीजबिल, पावती, वजनकाट्याची चिठ्ठी, हजेरीपट... शंभर पानी रिपोर्टपेक्षा कधीकधी त्या कागदाच्या तुकड्यावर जास्त विश्वास ठेवावा. आणि मी प्रश्नही बदलला. 'ठेवाल का?' बंद. 'गेल्या वर्षी किती पेट्या ठेवल्या, कधी काढल्या, जागा नाही म्हणून कधी परत यावं लागलं का?' पुढे काय करू हे माणूस आशेने सांगतो, मागे काय केलं हे पावतीने.

सतरा घरांतल्या पावत्या मी एक्सेलमध्ये भरल्या. आलेख असा निघाला: एप्रिल-मेमध्ये उंच डोंगर, दसरा-दिवाळीला मोठा उतार आणि जानेवारीत जवळजवळ सपाट माळरान. वर्षभराचं क्षेत्रफळ काढलं तर निम्म्याच्या थोडंसं वर. अर्थात ही सतरा घरं म्हणजे मामाच्या ओळखीचीच. सगळी एकाच भागातली, सगळी बेदाणेवाली. व्यापारी माल किती महिने ठेवतात ते त्यात नाही. ही मर्यादा मी आलेखाच्या खाली, ठळक अक्षरात, साल घालून लिहिली. दुसऱ्याला 'कोण म्हणे' विचारायचं तर आपल्या आकड्यालाही तेच विचारलं पाहिजे ना!

तो आलेख घेऊन मामा सल्लागाराकडे गेला, सोबत मीही होते. शंभर टक्क्यांच्या जागी साठ टक्के घालून हिशेब परत मांडला, तर दुसऱ्याच वर्षी हप्ता बसेना. सल्लागार अजिबात चिडला नाही. उलट समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमध्ये असंच लिहितात. बँकेला चालतं."

बाहेर आल्यावर मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग गाडीची किल्ली लावता लावता म्हणाला, "बँकेला चाललं आस्तं गं. बाग आपली गेली आस्ती."

कोल्ड स्टोअरेजचा विचार मामाने सोडलेला नाही. फक्त प्रश्न बदललाय. 'किती मोठं बांधायचं'च्या जागी आता 'हिवाळ्यात रिकाम्या खोलीत काय ठेवायचं' हा प्रश्न आलाय, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत सातबारा कपाटातच आहे. मध्यंतरी मी त्याला ती पॅक-हाउसची प्रचंड तूट उत्साहाने सांगितली. तर हे महाशय मलाच म्हणतात, "देशात तूट हाय. तासगावात हाय का?" शिष्य गुरूच्या पुढे गेला तो असा!

मित्रमैत्रिणींनो, हल्ली आपण चॅटबॉटला विचारतो आणि दहा सेकंदांत सुरेख परिच्छेद येतो. मीही विचारते, कुठे शोधायचं याचा धागा तिथे छान मिळतो. पण तो परिच्छेदही त्याच कडक इस्त्रीतला असतो. कानांना ऐकू न येणारं 'म्हणे' आपणच तिथे लावून वाचायचं आणि मूळ कागदापर्यंत चालत जायचं. पुण्यात तर या चालण्याची जुनी परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले इन्स्टिट्यूटने अख्ख्या पुण्याची आर्थिक-सामाजिक पाहणी केली होती आणि १९४५ व १९५२ मध्ये ती दोन भागांत छापली. तेव्हा ना संकेतस्थळ होतं, ना एक्सेल. त्यांनी दारं ठोठावली, आपल्याला निदान पीडीएफचं शेवटचं पान उघडायला काय हरकत आहे?

आणि हे सगळं शेती-धंद्यापुरतंच आहे असं समजून पान उलटणार असाल, तर जाता जाता एक घरचा अभ्यास. कुठल्याही कॉलेजचं ब्रोशर उघडा आणि त्यातलं 'सरासरी पॅकेज' बघा. कोणी मोजलं? किती मुलांचं मोजलं, नोकरी लागलेल्यांचं की सगळ्यांचं? सरासरी की मध्यक, म्हणजे एखाद्या परदेशी गेलेल्या हुशार सीनियरने आपल्या सगळ्यांना कागदावर श्रीमंत तर केलं नाही ना? आणि हो, कशासाठी मोजलं?

उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. फक्त शेवटी 'म्हणे' लावू नका!